लखूचा अंगठा आणि गोपाळबाबांची वई

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या बैठकीत एक रीत पडली आहे. भजन संपलं, लाडू वाटून झाले, की एका म्हाताऱ्याला मधोमध बसवतात आणि म्हणतात, "सांगा आता, जन्मभर काय काम केलंत ते." मागच्या वर्षी एक गाडीवान सांगून गेला, त्याच्या आधी साखरेच्या कढईवरचा. यंदा माझी पाळी आली. मी म्हटलं, बाबांनो, मी काय सांगणार? मी जन्मभर खड्डे खणले. तर म्हणाले, "रावजीकाका, खड्ड्यांचंच सांगा." बरं, सांगतो. जे मास्तर लिहून घेताहेत त्यांना एवढीच विनंती की माझं बोलणं सुधारत बसू नका.

माझा धंदा दोन प्रश्नांचा. "उंदीर चावला, काय करू?" हा एक, आणि "खांब हलतोय, काय करू?" हा दुसरा. बाकी जगाने मला कधी काही विचारलं नाही. बायको तर मुळीच विचारत नाही, ती सांगते. दाराशी कोणी आलं की तोंड उघडायच्या आधी मला कळायचं. लंगडत आला तर उंदीर, खांद्यावर पहार घेऊन आला तर खांब. एक गडी तर लंगडत आणि पहार घेऊन असा दोन्ही आला होता. त्याने स्वतःच्याच पायावर पहार मारून घेतली होती. त्याला मी सांगितलं, बाबा, हे माझ्यात बसत नाही.

हे दोन धंदे एका माणसाकडे आले कसे, ते ऐका. उसाच्या मळ्यांसाठी आम्हाला बोटीने आणलं त्या या बेटावर हातभर माती काढली की खाली काळा दगड. ऊस लावायला लोकांनी ते दगड उचलून शेतातच लांबच लांब रांगा रचल्या, आणि त्या रांगांत उंदीरमामांची गावंच्या गावं वसली. मामा म्हणायचं कारण, आम्ही कोकणातले लोक त्याचं नाव घेत नाही. नाव घेतलं की रात्री धोतर कुरतडतो. तर मी खांबासाठी खणायला लागलो की मामा बाहेर. लोक डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणून हसतात, मी तर तो रोज काढत होतो आणि तो मला रोज चावत होता. चार जणांनी बघितलं की हा माणूस इतक्यांदा चावून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर असतो, म्हणजे याला काहीतरी ठाऊक असणार. झालो मी वैद.

ठाऊक होतं ते फुकट सांगतो. कोमट पाण्यात मीठ घाला आणि जखम धुवा. थोडं रक्त वाहू द्या, पुन्हा धुवा. शेण, चुना, तंबाखू, चिलमीची राख, यातलं काहीही लावू नका. स्वच्छ फडकं बांधा आणि पुढचे पंधरा दिवस माणसावर नजर ठेवा. हुडहुडी भरून ताप आला, सांधे धरले, अंगावर लाल चट्टे उठले, तर माझ्याकडे न येता मळ्याच्या इस्पितळात जा. पितोंच्या मळ्यावर एका बाईने तो ताप अंगावर काढला, कोणाला बोलली नाही, आणि गेली. तिचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून तापाचं मी ओरडून सांगतो, लोक मला खेकसणारा म्हणाले तरी चालेल.

पण नुसतं धुवायला सांगितलं की लोकांचं समाधान होत नसे. "एवढंच?" म्हणायचे. "मंत्र नाही का?" मग धुताना मी ओठ हलवायला लागलो. काही म्हणत नव्हतो हो, कधी घरी काय भाजी आहे त्याचा विचार करायचो. पण रोगी लगेच सुधारल्यासारखा दिसायचा. आमची राधा, म्हणजे माझी बायको, हे बघून म्हणाली, "अहो, देवाला तरी घाबरा." मी म्हटलं, देवाचं वाहनच चावलंय, देव समजून घेईल.

सगळ्यात मजा नव्या बोटीतून उतरलेल्यांची. पितोंच्या मळ्यावर आमच्याच मुलखातला एक गडी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कांपात, म्हणजे मळ्याच्या मजूरवस्तीत, बोंब उठली, "साप चावला! साप!" धावत गेलो तर गड्याने पोटरीला सुंभ असं आवळलेलं की पाय वांग्यासारखा झालेला. भोवती सगळे कोकणातले, एक जण म्हणतो मांत्रिक बोलवा, दुसरा म्हणतो कोंबडं आणा. कोणीतरी कडुलिंबाचा पाला शोधायला गेलेला, कारण साप चावला असेल तर पाला गोड लागतो. मी पाय बघितला, दोन बारीक दात, शेजारी शेजारी. म्हटलं, अरे, या बेटावर विषारी साप नाहीच, ही मामांची करणी आहे. कोण ऐकतो? "साप नाही असा मुलूख असतो का कुठे?" म्हणाले. शेवटी मी त्यांच्याच रीतीने गेलो. साप चावलेल्याला मिरची तिखट लागत नाही, होय ना? दिली त्याला इथली बुटकी लाल मिरची, अख्खी, चावून खायला लावली. आयो! तो गडी असा उठला आणि पाण्याच्या पिंपाकडे असा पळाला की सुंभ वाटेतच सुटून पडलं. पुढे कितीतरी वर्षं मला भेटला की म्हणायचा, "काका, उंदीर परवडला, तुमचं औषध नको."

आता खांबांचं. बाहेरच्या माणसाला वाटतं खड्डा करायचा आणि लाकूड उभं करायचं, त्यात काय शिकायचं? शिकायचं असं की खांबाचा तिसरा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे. खालचं टोक विस्तवात धरून काळं करायचं, म्हणजे वाळवी तोंड लावत नाही. तळाला खडी, वर ओंजळ ओंजळ माती, आणि प्रत्येक ओंजळ धुमस मारून दाबायची. आळशी माणूस सगळी माती एकदम लोटतो आणि वरून नाचतो. वर घट्ट, खाली पोकळ. कोपऱ्याचे खांब आधी, मग त्यांच्यामध्ये सुतळी ताणून बाकीचे. आणि शेवटचं, माझं सगळ्यात लाडकं: वई कधी घराला टेकवू नका. वई म्हणजे कुंपण, आमच्याकडचा शब्द. वई घराच्या छपराला भिडली की ती उंदरांची सडक होते. हे मी किती जणांना सांगितलं असेल, आणि किती जणांनी पहिल्याच दिवशी वईचं टोक वळचणीला बांधलं असेल!

एक मादाम होती, मळ्याच्या मुसियेची, म्हणजे गोऱ्या मालकाची, बायको. तिला बागेभोवती पांढरे शुभ्र खांब हवे होते, तिच्या देशासारखे. मी कोकणातल्या सवयीने पांगाऱ्याच्या फांद्या तोडल्या, साल तशीच ठेवून चुना फासला आणि रोवल्या. दिसायला झकास. महिन्याभराने मादाम ओरडत आली, "रावजी! खांबांना पानं!" खरंच, सगळ्या पांढऱ्या खांबांना हिरवे कान फुटलेले. आम्ही वई जिवंतच लावतो, आम्हाला त्यात नवल काय? मुसिये लालबुंद झाला. मादामने मात्र दोन दिवस विचार केला आणि मग एकेका खांबावर पोपटाचे पिंजरे टांगले. पुढे लाल फुलं आली तेव्हा तिने शेजारच्या मळ्यांतल्या बायकांना जेवायला बोलावलं आणि सांगितलं की ही कल्पना तिचीच. म्हटलं, असू दे. फुलं तर माझीच होती.

पण ज्याच्यासाठी हे सगळं सांगायला बसलो ती लखूची गोष्ट राहिली.

लखू माझा जोडीदार. मी आखायचो, तो खणायचा. अंगाने दणकट, कामाला वाघ, आणि वडीलधाऱ्यांसमोर अगदी मेणाचा. मर्यादा एवढी की मोठ्या माणसासमोर आलेली शिंकसुद्धा गिळायचा. मी त्याला म्हणायचो, "लखू, एक दिवस त्या शिंकेने तुझं डोकं फुटेल." तो मान खाली घालून म्हणायचा, "होय दादा."

मोंतान्य ब्लांशला डोंगराखाली गोपाळबाबा राहायचे, साताऱ्याकडचे. करार संपल्यावर जमिनीचा तुकडा खंडाने घेऊन भाजी पिकवायचे. त्यांची बायको बोटीवरच वारली होती. लहानग्या लेकीला, भागीला, कडेवर घेऊन एकटे उतरले, आणि एकट्याने तिला वाढवलं. तेव्हा इथे गडी पुष्कळ आणि बाया थोड्या. भागी वयात आली तशी गोपाळबाबांच्या दारात मागणी घालणाऱ्यांची ये-जा सुरू झाली. कोणी गाय घेऊन यायचा, कोणी मळ्याच्या सिरदाराची, म्हणजे मुकादमाची, शिफारस घेऊन. लखूकडे दोन हात सोडून काही नव्हतं, पण मी शब्द टाकला. गोपाळबाबा म्हणाले, "रावजी, गोड बोलून काय व्हतंय? रानातली हरणं उतरून माझी भाजी खात्यात. त्याला म्हणावं माझ्या परसाला वई घाल. मानूस कामात दिसतो."

झालं. लखू डोंगरापलीकडच्या नुव्हेल फ्रांसच्या आपल्या कांपातून सुट्टी काढून आला. रोज जायचं-यायचं लांब, म्हणून गोपाळबाबांनी त्याला पडवीत झोपायला जागा दिली. भागी आत, मधे कुडाची भिंत, आणि दारात आडवी स्वतःची चटई टाकून गोपाळबाबा. लोकांनी बोट ठेवायला नको, म्हणून हा बंदोबस्त. बंदोबस्ताचं घोरणं मात्र एवढं की मोंतान्य ब्लांशच्या कोंबड्यांनासुद्धा झोप येत नसे.

मी तेव्हा शेजारच्याच मळ्यावर कामाला होतो. अधूनमधून येऊन बघायचो. लखूने काय खांब रोवले होते! सासरा बघणार म्हणून प्रत्येक खड्डा हवा त्यापेक्षा खोल, प्रत्येक ओंजळीला दुप्पट धुमस. भागी पाणी घेऊन यायची, वईपाशी तांब्या ठेवायची आणि मागे न बघता जायची. लखू तिचं पाऊल आत जाईपर्यंत तांब्याला हात लावत नसे. मी म्हटलं, "अरे, दोन शब्द बोल की." "बाबा काय म्हणतील?" म्हणाला.

आणि मग एक दिवस सकाळी गोपाळबाबा स्वतः माझ्याकडे आले. तोंडचं पाणी पळालेलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "रावजी, लगीन मोडलं."

"काय केलं त्याने?"

"त्यानं काय केलं न्हाई. रात्री पायाच्या अंगठ्याला उंदीर चावला. चटई रक्तानं भरलीया. सकाळी मी इचारलं, तर हसून म्हनतो, मला कळलंच न्हाई बाबा, काय दुखलं न्हाई."

मी म्हटलं, "मग? मीठपाण्याने धुवा."

गोपाळबाबा तिथेच दगडावर बसले. "माझा थोरला भाऊ," म्हणाले. "त्याचं बी आसंच सुरू झालं. उंदीर अंगठा खाऊन जायचा आनि त्याला कळायचं न्हाई. आमी हसायचो, काय ह्याची झोप म्हनून. वर्साभरात बोटं झडली. रगतपिती, म्हारोग. गावाभाईर झोपडी बांधून दिली त्याला. मी भाकरी ठेवून यायचो लांबनं. मेल्या कातडीला उंदीर कळत न्हाई, रावजी. तू उंदरांचा वैद, तुला काय मी सांगायचं?"

खरं होतं. बधिर पायाला उंदीर चावलेला कळत नाही, हे मीही बघितलं होतं. हा शब्द एकदा कांपात पसरला की लखूचं लग्न तर जाईलच, पण त्याच्या पंगतीला कोणी बसणार नाही, त्याच्या शेजारी कोणी झोपणार नाही, मुसिये त्याला मळ्यावर ठेवणार नाही. त्या रोगाच्या माणसाला लोक जिवंतपणी पुरतात. तोही माणूसच असतो, पण हे कोण ध्यानात घेतो?

धावत गेलो. लखू वईपाशी उभा, अंगठ्याला फडकं, चेहऱ्यावर तेच गोड हसू. पहिली गोष्ट मी बघितली ती वईचं टोक. शहाण्याने शेवटची काठी पडवीच्या वळचणीला बांधली होती! म्हणजे मामा आले ते याच्याच सडकेवरून. मी त्याला कोपऱ्यात घेतलं आणि अंगठा धुता धुता दबक्या आवाजात विचारलं, "खरं सांग. कळलं की नाही?"

"कळलं ना, दादा. मरणाचं दुखलं. डोळ्यांपुढे काजवे."

"मग कळलं नाही असं का म्हणालास?"

"बाबांच्या घरात झोपलो, आणि त्यांनाच सांगू की तुमच्या घरात उंदीर आहेत? बरं दिसतं का ते? आणि आत भागी. एवढ्याशा उंदराने रडतो म्हटलं तर..."

हसावं की रडावं कळेना. याला म्हणतात सभ्यपणाचा सोस. मी त्याला रगतपितीचं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "मग मी जाऊन बाबांना खरं सांगतो," म्हणाला. सांगितलं त्याने. पण गोपाळबाबा मान हलवत बसले. "आता सांगतोस व्हय? रावजीनं पढवलं म्हनून सांगतोस."

मग मी पारखायचं ठरवलं. या रोगाची एक साधी पारख आहे: डोळे बांधायचे, कोंबडीच्या पिसाने पायाला हळूच शिवायचं, आणि कुठे शिवलं ते विचारायचं. मेल्या कातडीला सांगता येत नाही. मी लखूला पडवीत बसवलं, डोळे बांधले, आणि पीस फिरवलं. "टाच," म्हणाला. "घोटा. करंगळी." एकही चुकला नाही. मी विजयाने गोपाळबाबांकडे बघितलं.

"फडकं सैल हाय," ते म्हणाले. "तू त्याचा जोडीदार. दे ते पीस हिकडं."

त्यांनी स्वतः फडकं आवळलं, स्वतः पीस घेतलं आणि कुठे शिवलं ते न विचारताच लखूच्या तळपायाच्या मधोमध फिरवलं. तळपायाला! पिसाने! देवसुद्धा हसला असता. मी लखूकडे बघतो तर हा पुतळ्यासारखा ताठ. ओठ दातांत धरलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या, पण हूं नाही की चूं नाही. गोपाळबाबांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. त्यांच्या हातातलं पीस खाली पडलं.

"बगितलंस?" ते माझ्याकडे वळले, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "दगडावर फिरवल्यागत. ल्हान पोरगं बी हसलं आसतं."

मी ओरडलो, "लखू, गाढवा, हस ना!"

फडक्याखालून आवाज आला, "बाबांसमोर कसा हसू, दादा?"

"ऐकलंत?" मी म्हटलं. "गुदगुल्या झाल्या त्याला! गिळल्या त्याने!"

"गुदगुल्या कोन गिळतं व्हय?" गोपाळबाबा उठले. "पुरं झालं, रावजी. मी भावाला पुरलाय. पोरीला त्या घरात न्हाई देनार. त्याला वईची मजुरी देतो आन् कोनाला काय सांगत न्हाई, एवढंच माझ्या हातात हाय."

लखूने फडकं सोडलं. वाकून गोपाळबाबांच्या पायांना हात लावला आणि आपली पहार उचलली. माझा संताप संताप झाला. त्या क्षणालासुद्धा याची मर्यादा सुटेना! मला वाटलं, आता याच्या अंगठ्यावर मीच पाय द्यावा, म्हणजे तरी बोंबलेल.

तेवढ्यात कुडामागून भागीचा आवाज आला. "नों, बा!"

ही पोरं इथेच वाढलेली, नाही म्हणायचं झालं की इथलाच शब्द आधी तोंडात येतो. ती दारात येऊन उभी राहिली. परक्या माणसांसमोर असं उभं राहिलेलं तिला मी कधी बघितलं नव्हतं. पदर घट्ट धरलेला.

"त्यांना कळलं होतं," ती म्हणाली. "उंदीर चावला तेव्हा 'आई गं' म्हणाले. मग तोंडात काहीतरी कोंबलं, बहुतेक मुंडासं. मग बराच वेळ नुसतं हुं हुं करत होते. पाय आपटत होते हळूहळू. मी सगळं ऐकलं."

गोपाळबाबा तिच्याकडे वळले. "तू जागी व्हतीस?"

"होते."

"रात्रीची जागी कशापायी?"

लखू जमिनीत शिरायला जागा शोधत होता. भागीने मान वर केली आणि बापाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ते वई घालायला आले त्या दिवसापासून मला झोपच नाही, बा. ते कूस बदलतात ते मला ऐकू येतं. कधी बदलली नाही तर काळजी वाटते."

एवढं बोलून ती आत पळाली, आणि आत काहीतरी भांडं पडलं.

लखू दारातल्या रिकाम्या जागेकडे तोंड उघडं टाकून बघत होता. आणि मग, बाबांनो, त्याच्या पोटातून ते हसू निघालं. सकाळपासून गिळलेलं सगळं एकदम. पोट धरून, पहार टाकून, डोळ्यांतून पाणी काढत तो हसत सुटला, आणि हसता हसता अंगठा पहारीवर आपटला तसा मोठ्याने "आई गं!" म्हणून ओरडला.

गोपाळबाबा खाली बसले. त्यांनी त्याचा पाय आपल्या हातात घेतला, अंगठ्यावर पुन्हा आलेलं रक्त बघितलं, आणि म्हणाले, "वरड. मोठ्यानं वरड, बाबा. माझा भाऊ वरडला आसता तर मी देवाला नारळ फोडला आसता."

लग्न पंधरा दिवसांनी झालं, कारण तापाची मुदत मी सोडली नाही. नवरदेवाचा अंगठा हळदीपूर्वीच हळदीने पिवळा होता. वरातीत मी सगळ्यांना सांगत सुटलो की मध्यस्थ मी नाही, उंदीरमामा. राधा म्हणाली, "तुमच्यापेक्षा चांगलं जमवलं त्यांनी." लखूने वळचणीची काठी स्वतःच्या हाताने तोडली, एवढं मात्र मी करून घेतलं.

नवरानवरी नुव्हेल फ्रांसला निघून गेली. वईचं थोडं काम राहिलं होतं, ते पुरं करायला मी गोपाळबाबांकडे गेलो. बेडं राहिलं होतं, म्हणजे वईतून आत-बाहेर करायची वाट. मी म्हटलं, "बाबा, बेडं गाडीरस्त्याकडे ठेवतो. तिकडूनच भाजी जाणार, तिकडूनच शेण येणार. सगळे तिकडेच ठेवतात."

गोपाळबाबा परसाच्या मागच्या कोपऱ्यात गेले आणि तिथल्या खांबावर हात ठेवला. "हितं कर."

"अहो, इथून काय येणार? मागे नुसता डोंगर. गाडी नाही, माणूस नाही, एक ती पायवाट."

"ती पायवाट नुव्हेल फ्रांसला जाते," ते म्हणाले. "भागी आली तर हितनं येईल. फिरून म्होरल्या दारानं कशाला?"

वाट करायची तर तो खांब काढायलाच हवा, आणि तो लखूने सासऱ्याला दाखवायला रोवलेला, दगड फोडून, हवा त्यापेक्षा हातभर खोल. जन्मात मी इतका पक्का खांब बघितला नाही. उपटायला आम्हाला सबंध दुपार लागली. गोपाळबाबा शेवटपर्यंत माझ्याबरोबर पहार ओढत होते, आणि मी त्यांना एकदाही म्हटलं नाही की तुम्ही जरा बसा.